दीड मीटर ट्यूबची गोष्ट

नमस्कार मंडळी. समोर बरेच जण मेंटेनन्सचे आहेत, काही युटिलिटीचे, त्यामुळे कॉम्प्रेसर काय आणि ड्रायर काय हे सांगत बसत नाही. आज फक्त ड्यू पॉईंट मीटरबद्दल बोलू, म्हणजे कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनमध्ये ओल किती उरली ते दाखवणाऱ्या मीटरबद्दल, आणि त्यातही तो बसवायचा कसा यावर जास्त, कारण इतक्या वर्षांत मी बघितलंय की हा मीटर बिघडतो कमी आणि चुकीचा बसवलेला सापडतो जास्त.

आधी पाण्याचा हिशोब. जुलै महिना, आपला चाकण-भोसरीचा पट्टा, बाहेर २७ डिग्री आणि ८५ टक्के ह्युमिडिटी धरा. अशा एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफुटांचा) कॉम्प्रेसर तासाला ८५० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाला १८ लिटरच्या वर पाणी, चांगली मोठी बादली भरेल एवढं, आणि हे दर तासाला! आफ्टरकूलर (कॉम्प्रेसरनंतर हवा गार करणारा) आणि ड्रेन त्यातलं बरंचसं काढतात, उरलेलं ड्रायरच्या गळ्यात. रेफ्रिजरेशन ड्रायर (हवा गार करून पाणी काढणारा) ड्यू पॉईंट प्लस ३ डिग्रीपर्यंत आणतो, डेसिकंटवाला (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) मायनस ४० पर्यंत, म्हणजे कॉम्प्रेस्ड हवेच्या शुद्धतेचं स्टँडर्ड आयएसओ ८५७३-१, त्याच्या भाषेत पहिला क्लास ४ आणि दुसरा क्लास २.

ड्यू पॉईंट म्हणजे दवबिंदू. स्टीलच्या तांब्यात बर्फ टाकला की बाहेरून घाम येतो, ज्या तापमानाला तो यायला लागतो तो त्या हवेचा दवबिंदू. डॅनियलने १८२० मध्ये याच तत्त्वावर हायग्रोमीटर बनवला आणि आजचा चिल्ड मिरर मीटर आरसा गार करून तेच करतो. आपल्या लाइनवर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा नाहीतर पॉलिमरचा सेन्सर असतो, पातळ थरात पाणी शिरलं की त्याचा कपॅसिटन्स (विद्युत भार साठवायची क्षमता) बदलतो, बस एवढंच. आता ७ बार गेजच्या (बाहेरच्या हवेपेक्षा ७ बार जास्त) लाइनमध्ये मायनस ४० म्हणजे पाणी किती, तर दहा लाख भागांत साधारण सोळा भाग. हा सोळाचा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

एका पेंट शॉपमध्ये मला बोलावलं होतं, भर पावसाळ्यात. रंगावर फोड येत होते, मीटर मायनस १८ च्या खाली जाईना. ड्रायरचं डेसिकंट बदलायची ऑर्डर जवळजवळ निघाली होती, खर्च लाखांत. मी आधी ट्रेंड मागितला. बघतो तर रीडिंग रोज दुपारी वर चढतंय आणि पहाटे खाली येतंय, अगदी घड्याळ लावल्यासारखं. ड्रायरला दुपार आणि पहाट कळत नाही ना! मग लाइनवर गेलो. टॅपिंगपासून, म्हणजे लाइनमधून मोजायला हवा घेतो तिथपासून, मीटरपर्यंत दीड मीटर निळी पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब, न्यूमॅटिक सिलिंडरला लावतो तीच, स्टोअरमधून काढून कोणीतरी लावलेली, आणि दुपारचं ऊन खिडकीतून थेट तिच्यावर. हात लावला तर ट्यूब चांगली कोमट होती. ट्यूब तापली की भिंतीत मुरलेलं पाणी आतल्या हवेत सुटतं, गार झाली की परत मुरतं, म्हणजे मीटर प्रामाणिकपणे त्या ट्यूबचं पाणी मोजत होता. सहा एमएम एसएस (स्टेनलेस स्टील) ट्यूब टाकली, फ्लो चालू ठेवून रात्रभर सोडलं, सकाळी मायनस ४१. ड्रायर ठणठणीत होता. ऑर्डर थांबवली, आणि फोडांचं कारण शेवटी पेंट बूथजवळच्या एका जुन्या ड्रॉपमध्ये (लाइनमधून खाली उतरणाऱ्या पाइपमध्ये) साचलेल्या पाण्यात सापडलं.

इथे लोक मला हमखास विचारतात, सर, लाइनमध्ये ७ बार प्रेशर आहे, बाहेरची ओल आत येईलच कशी? येते. वाफेला एकूण प्रेशरशी देणंघेणं नाही, तिला फक्त वाफेचं प्रेशर कळतं. पावसाळ्यात बाहेरच्या वाफेचं प्रेशर साधारण ३० मिलिबार, आतलं मायनस ४० ला ०.१३ मिलिबार, म्हणजे बाहेरचं दोनशे पटींहून जास्त. त्यामुळे नायलॉन, रबर, पीयूच्या भिंतीतून, इतकंच काय पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनमधूनही वाफ आत झिरपते, आणि बारीक लीकमधून हवा बाहेर पडत असताना वाफ उलट्या दिशेने आत सरकते. सोळा भागांच्या हिशोबात एवढंसं पाणीसुद्धा खूप होतं.

म्हणून ट्यूब एसएसचीच, शक्य तितकी छोटी, फिटिंग डबल फेरूलचे (दोन रिंगांनी ट्यूब घट्ट आवळणारे), आणि मध्ये उगाच प्रेशर गेज, टी, एक्स्ट्रा व्हॉल्व्ह नकोत, कारण हवा जिथे फिरत नाही त्या खाचेत ओल दडून बसते आणि दिवसेंदिवस सुटत राहते. टॅपिंग पाइपच्या वरच्या बाजूने घ्या, खालून घेतलं तर पाइपच्या तळाचं पाणी आणि गंज सरळ सेन्सरवर. सॅम्पल सेलमधून (सेन्सर बसतो त्या छोट्या डबीतून) मिनिटाला दोन-तीन लिटर फ्लो पुरे, मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो बघा. एक्झॉस्टला मीटरभर बारीक ट्यूबची गुंडाळी लावा, नाहीतर खोलीतली ओल मागून शिरते. आणि फ्लो सेट करायचा नीडल व्हॉल्व्ह सेन्सरच्या पुढे लावला, म्हणजे हवा बाहेर पडते त्या बाजूला, तर प्रेशर ड्यू पॉईंट, म्हणजे लाइनच्या प्रेशरचा, मिळतो, आधी लावला तर बाहेरच्या हवेच्या प्रेशरचा, म्हणजे अ‍ॅटमॉस्फेरिक. ७ बारला मायनस ४० असलेली तीच हवा अ‍ॅटमॉस्फेरिकला मायनस ५७ च्या आसपास दाखवते. यावरून कंत्राटदार आणि कंपनीत भांडणं झालेली मी पाहिली आहेत, दोघंही खरं बोलत होते, फक्त प्रेशर कोणी लिहिलं नव्हतं.

चालू करताना घाई नको. व्हॉल्व्ह हळू उघडा, आणि पहिल्या तासाचं रीडिंग लॉगबुकात लिहूच नका. ओल्याकडून कोरड्याकडे जायला सेन्सरला आणि ट्यूबला तास न् तास लागतात, उलटं मात्र काही मिनिटांत होतं.

अजून एक जागा तपासा, स्केलिंग, म्हणजे मीटरच्या सिग्नलवरून डिग्री काढायची रेंज. मीटर ४-२० मिलिअँपवर मायनस १०० ते प्लस २० पाठवतोय आणि पीएलसीत (तो सिग्नल वाचणाऱ्या कंट्रोलरमध्ये) कोणी मायनस ८० ते प्लस २० टाकलंय, तर मीटरवर मायनस ४० असताना १२ मिलिअँप जातात आणि स्काडावर (कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर) मायनस ३० दिसतं. अलार्म वाजतो, लोक ड्रायर उघडतात.

रोजच्या वापरात एका आकड्यापेक्षा ट्रेंड बघायची सवय लावा. हीटलेस ड्रायरमध्ये, म्हणजे डेसिकंटचे दोन टॉवर आळीपाळीने चालतात त्या ड्रायरमध्ये, टॉवर बदलताना रीडिंगला करवतीसारखे दात येतात. दोन्ही टॉवरचे दात सारखे असतील तर चिंता नको, पण एकाच टॉवरच्या पाळीला रीडिंग वर जात असेल तर त्याच टॉवरचा व्हॉल्व्ह नाहीतर पर्ज (टॉवर परत सुकवणारी हवा) बघा, अख्खं डेसिकंट बदलण्याआधी. हे सेन्सर हळूहळू ड्रिफ्ट होतात, म्हणून वर्षातून एकदा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये पाठवायचे.

आणि पाठवताना सेन्सर ज्या टोपीत आला होता, आत डेसिकंटची पुडी असलेल्या, तीच घट्ट लावून पाठवा. ती टोपी आजच शोधून मीटरच्या पॅनलमध्ये सुतळीने बांधून ठेवा, कारण वर्षभराने ती स्टोअरमध्ये कोणालाच सापडत नाही आणि सेन्सर पावसातून उघडाच लॅबला जातो.