सारा ऑलगुड : ॲबीतून पडद्यावर

[दृश्य : डब्लिन, ॲबी स्ट्रीट]
ही आयर्लंडच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेची, ॲबी थिएटरची, आजची इमारत. जुनं नाट्यगृह १९५१ च्या आगीत गेलं. ५६२ आसनांचं ते नाट्यगृह २७ डिसेंबर १९०४ ला उघडलं, तेव्हा नाटककार लेडी ग्रेगरींच्या विनोदी एकांकिकेत मिसेस फॅलनचं काम आयरिश अभिनेत्री सारा ऑलगुडचं होतं.

[जुनी छायाचित्रं]
सुरुवातीच्या काळात नटमंडळी दिवसा नोकरी करत, संध्याकाळी तालमीला येत. उच्चार घोटून घ्यायचे फ्रँक फे. शिस्त अशी की एक जण बोलत असताना बाकीच्यांनी हलायचं नाही. अशा स्तब्ध रंगमंचावर नटाला आधार फक्त आवाजाचा, आणि साराचा आवाज खर्जातला, भरदार. ३ मार्च १९२४ ला शॉन ओ'केसींच्या 'जुनो अँड द पेकॉक' या नाटकात ती जुनो झाली : ऐतखाऊ, दारुड्या नवऱ्याचा संसार रेटणारी.

[१९३० च्या बोलपटातला दिवाणखाना]
त्याच नाटकावरचा, दिग्दर्शक हिचकॉकचा हा बोलपट पाहावा तो मुख्यतः जुनो झालेल्या सारासाठी. स्टुडिओ अपुरा, आणि आवाज नंतर मिसळायची सोय नाही. या दृश्यात घरात ग्रामोफोन वाजतोय, रस्त्यावरून अंत्ययात्रा चाललीय, मग गोळीबार. आणि कॅमेरा शेकोटीजवळच्या जॉनीकडे, जुनोच्या मुलाकडे, सरकतोय. हे सगळं शॉट चालू असतानाच वाजवायचं. हव्या गाण्याची रेकॉर्डही नव्हती. मग खर्जाची वाद्यं वगळलेला छोटा वाद्यवृंद बसवला, सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या माणसानं नाक दाबून गाणं म्हटलं, अंत्ययात्रेसाठी गायकांचा ताफा उभा केला. हिचकॉकनं हे पुढे मुलाखतीत रंगवून सांगितलंय. यात एकाचं जरी चुकलं, तरी शॉट पुन्हा पहिल्यापासून, नटांची वाक्यंसुद्धा.

आता जुनोची शेवटची प्रार्थना. मूळ आवाजातच ऐकू.

[प्रार्थनेचा प्रसंग. निवेदन नाही.]

[ऑस्ट्रेलिया दौऱ्याचं छायाचित्र]
जुनो होण्याच्या आधी, मधल्या काळात साराचा ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला, १९१६ मध्ये तिथंच लग्न झालं. १९१८ च्या जानेवारीत नवजात मुलगी गेली, नोव्हेंबरात इन्फ्लुएन्झानं नवरा.

[कॅलिफोर्नियात उभारलेलं वेल्श गाव]
१९४० मध्ये ती हॉलिवूडला गेली. युद्धामुळे वेल्समध्ये चित्रीकरण शक्य नव्हतं, म्हणून हे खाणकामगारांचं गाव इथल्या डोंगरात बांधलं. १९४१ च्या 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली'मधल्या आईच्या कामासाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्यानंतर मात्र हॉलिवूडनं या जुनोला बहुतेकदा आया, परिचारिका, घरमालकीण एवढंच काम दिलं. १३ सप्टेंबर १९५० ला कॅलिफोर्नियातच तिचं निधन झालं.