आधी काटा, मग ड्रोन

(शहादा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहा घेताना एका भाऊंनी विचारलं, "हाई ड्रोन कितलं उचलस?" म्हणजे हा ड्रोन किती वजन उचलतो? गेली चार वर्षं मी विजेच्या टॉवरलाइनच्या कामावर ड्रोन वापरतो आणि हा प्रश्न मला कुठेही गेलं तरी विचारला जातो. मी उलट विचारतो, तुम्हाला उचलायचंय काय? किती किलो, किती लांब, दिवसातून किती खेपा? हे कागदावर लिहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

माझी सुरुवात चुकीनेच झाली. धडगावकडच्या डोंगरात आमचं काम होतं. कप्प्या, पाने, बोल्टांच्या पिशव्या डोक्यावर घेऊन माणसं दीड-दीड तास चढायची. एकाचा गुडघा कायमचा दुखावला, तेव्हा मी ठरवलं की हे ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरवायचं. दहा लिटर टाकीचा फवारणीचा ड्रोन मिळाला. दहा लिटर म्हणजे दहा किलो, असा सरळ हिशोब केला. टाकी काढली, सहा मीटर दोरीला आठ किलोची पिशवी बांधली आणि उडवला.

वीसेक मीटर वर गेल्यावर पिशवी हलायला लागली. सहा मीटर दोरीचा एक झोका जवळजवळ पाच सेकंदांचा असतो. पिशवी डावीकडे गेली की ड्रोन चालवणारा आमचा पोरगा तो उजवीकडे घ्यायचा, पण तोवर पिशवी परत फिरलेली असायची. चौथ्या झोक्याला ड्रोनच आडवा झाला आणि नाल्यात गेला. खाली कुणी नव्हतं, हे आमचं नशीब.

टाकी ड्रोनच्या पोटाला घट्ट बसलेली असते आणि फवारत जाल तशी हलकी होत जाते. दोरीवरचं ओझं तसंच्या तसं राहतं, वर झुलतं. शिवाय यंत्राला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मान्यता देणारं प्रमाणपत्र, मिळतं ते ठरावीक रचनेसाठी. टाकी काढून हुक लावणं हे मी तेव्हा करायलाच नको होतं.

आता वेळेचं बघा. वजन दुप्पट झालं की हवेत थांबून राहायला लागणारी ताकद दुप्पट होत नाही, पावणेतीन पटींच्या वर जाते. समजा बॅटरीसकट बारा किलोचा ड्रोन रिकामा पंचवीस मिनिटं तरंगतो. त्याला दहा किलो लावले की ती मिनिटं दहावर येतात. त्यातली तीस टक्के बॅटरी परतीसाठी आणि अडचणीसाठी राखून ठेवायची. हातात उरली सात मिनिटं. त्यात चढायचं, जायचं, ओझं सोडायचं आणि परत यायचं. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेली मिनिटं बहुतेक वेळा रिकाम्या उड्डाणाची असतात. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, भरल्या वजनाने किती?

त्यात आपला मे महिना. पंचेचाळीस अंशांना हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते. पंख्याला पकडायला हवाच कमी. विरळ हवा काय करते याचं मोठं उदाहरण एव्हरेस्टचं आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथे सहा हजार मीटरच्या आसपास डीजेआय कंपनीच्या मालवाहू ड्रोनची चाचणी झाली. दोन बॅटऱ्यांवर तीस किलो नेणारं ते यंत्र तिथे पंधरा किलो घेऊन उडालं. आपल्याकडे एवढी घट होणार नाही, पण उन्हात मोटर आणि बॅटरीही तापतात, दुपारी वावटळी उठतात. आम्ही उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत काम आटोपतो आणि पत्रकातल्या वजनाच्या सत्तर टक्क्यांवर कधी जात नाही.

टॉवरलाइनचं काम करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. नदीपलीकडे तार न्यायची तर आधी ड्रोनने बारीक नायलॉनची दोरी ओढतात, तिला जाड दोरी बांधतात, मग तार. तीन मिलिमीटरची दोरी शंभर मीटरला अर्ध्या किलोच्या आसपास भरते, म्हणजे चारशे मीटरला दोन किलो. माणसाला वाटतं, दोनच किलो! पण ती दोरी दोन टोकांमध्ये वीस मीटर झोळ ठेवून, म्हणजे मधोमध तेवढी खाली लोंबती ठेवून, ताणली, तर टोकाला ओढ पाच किलोची लागते, आणि तीही आडवी. झोळ कमी केला की ओढ आणखी वाढते. म्हणून असा हुक हवा जो रिमोटवरून एका बोटाने सुटेल. दोरी बाभळीत अडकली आणि हुक सुटला नाही, तर ड्रोन गेलाच समजा.

पंखे किती, हेही बघा. चार पंख्यांच्या यंत्राची एक मोटर भरल्या वजनात बंद पडली की ते खाली येतं. सहाचं बऱ्याचदा सावरतं, आठचं त्याहून बरं. माणसांच्या जवळ ओझं न्यायचं असेल तर मी आठाच्या खाली जात नाही, महाग पडलं तरी.

नियम थोडक्यात. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत ड्रोनचा वर्ग ठरतो तो ओझ्यासकट एकूण वजनावर. दोन ते पंचवीस किलो लहान, पंचवीस ते दीडशे मध्यम. चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं, यंत्राला नोंदणी क्रमांक आणि विमा हवा. ड्रोन नजरेसमोर ठेवायचा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत मुभा आहे, पण जळगावला विमानतळ आहे, तेव्हा नकाशा रोज बघा. परदेशी तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून, मोजके अपवाद सोडले तर, बंदी आहे. व्हिडिओत दिसला म्हणून कुणी आगाऊ रक्कम देऊ नका.

(सभेतून एका ताईंनी विचारलं, "दादा, पाड्यावर सोलरचं पॅनल नेता येईल का?")

ताई, वजनाचं जमवता येईल, पण दोरीला लटकवून नाही. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद काच म्हणजे पतंगच. वारा लागला की ती ड्रोनला ओढत नेईल. पॅनल माणसांनीच न्यावं. बॅटरी, पंपाचे सुटे भाग, वायरची बंडलं, पाने हे सगळं ड्रोनने पाठवा. चढणाऱ्यांचे हात पॅनलसाठी मोकळे राहतील. आणि जिथे ट्रॅक्टर पोचतो तिथे ड्रोन विकत घेऊच नका.

उद्या सकाळी साडेसहाला मागच्या मैदानावर या. तुमच्या कामाची खरी पिशवी आणा. मी टांगायचा काटा आणतो, आधी तिचं वजन करू. मग तेवढीच वाळू पोत्यात भरून उडवू आणि घड्याळ लावून किती मिनिटं टिकतो ते बघू. पोत्याच्या खाली कुणी उभं राहायचं नाही, लहान पोरांना तारेच्या कुंपणाबाहेर ठेवा.