भात शेवटी येतो

मंडळी, जपानला निघालेले स्नेही मला विचारतात, काइसेकी, म्हणजे एकेक पदार्थ क्रमानं येणारं पारंपरिक जपानी जेवण, कुठं खावं? मी विचारतो, कुठल्या महिन्यात चाललात? कारण या जेवणात ऋतू आधी ठरतो, पदार्थ नंतर. क्योतोत जुलैमध्ये, गिओन उत्सवाच्या दिवसांत, पानात हामो असतोच. वामीच्या जातीचा, बारीक काट्यांनी भरलेला मासा. आचारी कातडं शाबूत ठेवून तीनेक सेंटीमीटरांत चोवीसच्या आसपास काप देतो, म्हणजे काटे जिभेला लागत नाहीत. शरदात हाच मासा मात्सुताके अळंब्यांबरोबर छोट्या किटलीत वाफवून येतो.

काइसेकी हा उच्चार एक, पण लिहिताना शब्द दोन. एक चहासोहळ्याआधीचं साधं जेवण, सोळाव्या शतकातले चहासोहळ्याचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्या परंपरेतलं: एक सार, तीन पदार्थ. त्याच्या अक्षरांत ‘उराशी धरलेला दगड’ आहे. भूक मारायला झेन भिक्षू ऊन दगड अंगरख्यात ठेवत, असं सांगतात. दुसरं मेजवानीचं, साके या तांदळाच्या मद्याच्या संगतीनं रंगणारं. पहिल्यात भात सुरुवातीलाच येतो, दुसऱ्यात अगदी शेवटी, सार आणि लोणच्याबरोबर. प्रवाशाला बहुधा दुसरंच मिळतं. आपण वरणभातानं सुरुवात करणारी माणसं, म्हणून सांगतो: भाताची वाट बघत बसू नका, पण त्याच्यासाठी पोटात जागा ठेवा.

पहिल्या खेपेला मी क्योतोतल्या एका जुन्या काइसेकी भोजनगृहाच्या दारातून परतलो. ओळखीशिवाय नवं गिऱ्हाईक न घेण्याची तिथं रीत आहे. वाईट वाटलं, खरं सांगतो. पुढं कळलं की अशा ठिकाणी माणसं मोजून माल आणतात, आयत्या वेळच्या पाहुण्यासाठी काही शिल्लकच नसतं. तेव्हा हॉटेलवाल्यांकरवी आधी नोंदणी करा. खर्च जपायचा असेल तर दुपारी जा. त्याच स्वयंपाकघराचं जेवण बरंच स्वस्त पडतं. नानझेनजी मंदिराजवळचं ह्योतेइ हे भोजनगृह तर उन्हाळ्यात सकाळची पेज वाढतं. किंवा र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सराईत उतरा, ‘इप्पाकु निशोकु’ म्हणजे एक मुक्काम, दोन जेवणं अशा बोलीनं. तिथं रात्रीचं जेवण सहा-साडेसहालाच असतं, उशीर करू नका.

आता साराविषयी. लाखेच्या वाटीचं झाकण उचललं की जी वाफ येते, तिच्यात मला सगळं जेवण भेटतं. कोंबू हे समुद्रशेवाळ आणि वाळवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे यांचा तो अर्क, दाशी. दिसायला नितळ पाणी. म्हणूनच शाकाहाऱ्यांनी ‘मासे खात नाही’ एवढंच सांगून भागत नाही. ‘माशाची दाशीही नको’ असं नोंदणीतच लिहा. दाशी जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते, ऐनवेळी बदलता येत नाही.

त्याहून बरं, कोयासानला जा. कुकाई या बौद्ध भिक्षूंनी ८१६ साली उभारलेलं हे डोंगरावरचं तीर्थ. तिथल्या मंदिरांत मुक्काम मिळतो आणि शोजिन र्योरी, भिक्षूंचं जेवण, खोलीत येतं. मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूणही नाही. दाशी कोंबू आणि शिताके अळंब्यांची. गोमादोफु नावाचं तोफू येतं, पण त्यात सोयाबीन नसतंच. तीळ वाटून कुझू या वेलीच्या मुळांच्या पिठात आटवतात. थंडगार, मऊ, वर चिमूटभर वासाबी, ती झणझणीत हिरवी चटणी. हळू खा, पण रात्री लवकर झोपा, कारण भिक्षूंची सकाळची प्रार्थना पहाटेच असते आणि पाहुण्यांनाही तिला बसता येतं.