साठ सामने आणि बंद वह्या

नमस्कार श्रोतेहो.

आज बेसबॉलबद्दल बोलायचं आहे, पण मैदानावरच्या बेसबॉलबद्दल कमी आणि पगारपत्रकाबद्दल जास्त. २०२० साली अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम फक्त ६० सामन्यांचा झाला. त्याचं खापर सगळ्यांनी करोनावर फोडलं. करोनानं एप्रिल आणि मे खाल्ला, हे कबूल. जून मात्र खाल्ला तो मालक आणि खेळाडूंच्या घासाघिशीनं.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या कानांसाठी आधी थोडा हिशेब. या लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. खेळाडूचा पगार वर्षाचा ठरलेला असतो आणि वर्ष म्हणजे हे १६२ सामने. त्यातले निम्मेच झाले तर पगार किती द्यायचा? भांडणाचं मूळ एवढंच.

१२ मार्च २०२० रोजी सराव सामने थांबले. हंगाम सुरू व्हायचा होता २६ मार्चला. त्याच २६ मार्चला लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्यात एक करार झाला. जितके सामने होतील, तितक्या प्रमाणात पगार. एप्रिल आणि मेपोटी सगळ्या खेळाडूंना मिळून १७ कोटी डॉलरची उचल. आणि सामने कमी झाले, अगदी एकही झाला नाही, तरी खेळाडूंची सेवाज्येष्ठता बुडणार नाही.

ही सेवाज्येष्ठता फार मोलाची. नवा खेळाडू पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल त्या पगारावर खेळतो, आणि तो पगार बहुधा किमान वेतनाच्या आसपासच असतो. त्यानंतर लवादाकडे जायचा हक्क मिळतो. सहा वर्षं पुरी झाली की तो मोकळा, कुठल्याही संघाशी बोलणी करायला. म्हणजे एक वर्ष बुडालं तर उमेदीच्या कमाईचं वर्ष बुडालं. युनियननं तिथे आपलं पदरात पाडून घेतलं.

पण त्याच कागदात एक वाक्य होतं. प्रेक्षकांविना सामने खेळवायचे झाले, तर ते आर्थिकदृष्ट्या परवडतं का, यावर दोन्ही बाजूंनी सद्भावनेनं चर्चा करायची. मालकांनी याचा अर्थ लावला की रिकाम्या स्टेडियमचा पगार वेगळा ठरवायचा. युनियन म्हणाली, पगाराचा विषय संपला आहे. चर्चा खेळायचं की नाही, कुठे खेळायचं याची. दोघांचे वकील हुशार, तरी वाक्य असं सैल का राहिलं? माझा अंदाज असा, की मार्चमध्ये दोघांनाही सही करायची घाई होती आणि ती गाठ पुढे कधीतरी सोडवू, असं दोघांनाही वाटलं असावं.

मे महिन्यात मालकांनी ८२ सामन्यांची योजना तयार केली आणि उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून घेण्याची कल्पना पुढे आली. ऐकायला किती न्याय्य! लोकांनाही वाटलं, संकटात अर्धं तुमचं, अर्धं आमचं, यात वाईट काय? पण युनियननं त्या कल्पनेला दारातच उभं केलं नाही. आडमुठेपणा वाटेल, पण त्यामागे पन्नास वर्षांची आठवण आहे.

१९६६ साली पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला मार्विन मिलर खेळाडूंचा नेता झाला. तेव्हा किमान पगार होता ६ हजार डॉलर, आणि खेळाडू एकदा ज्या संघाचा झाला त्याचा तो कायमचा. सोडायचं की ठेवायचं हे मालक ठरवणार. १९७२ साली पेन्शनच्या प्रश्नावर पहिला मोठा संप झाला, १३ दिवसांचा. ८६ सामने बुडाले. बुडालेल्या दिवसांचा पगार देणार नाही, यावर मालक अडून बसले, म्हणून ते सामने पुन्हा खेळवलेच गेले नाहीत. परिणाम काय झाला ऐका. डेट्रॉइटच्या वाट्याला १५६ सामने आले आणि बॉस्टनच्या वाट्याला १५५. दोघांचे पराभव सारखेच, ७०. डेट्रॉइटचे विजय ८६, बॉस्टनचे ८५. बॉस्टनचं विभागीय विजेतेपद त्या न खेळलेल्या एका सामन्यात गेलं.

पुढे ऐंशीच्या दशकात मालकांनी आपापसांत संगनमत करून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना बोलीच लावायची नाही असं ठरवलं. ते लवादापुढे सिद्ध झालं आणि मालकांना २८ कोटी डॉलर मोजावे लागले. १९९४ साली मालकांना संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा हवी होती. खेळाडू १२ ऑगस्टला संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम लढतच झाली नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी या तिन्ही मोठ्या लीगनी अशी मर्यादा केव्हाच स्वीकारली आहे. बेसबॉलवाल्यांनी नाही. उत्पन्नाच्या टक्केवारीत पगार बांधायचा म्हणजे मर्यादाच, फक्त मागच्या दारानं आलेली. म्हणून निम्मं-निम्मं हा प्रस्ताव औपचारिकपणे टेबलावर यायच्या आधीच बारगळला.

आता हिशेबाच्या वह्यांचा मुद्दा. मालक म्हणत होते, आमचं सुमारे ४० टक्के उत्पन्न स्टेडियमच्या गल्ल्यावर येतं. तिकिटं, पार्किंग, हॉट डॉग, बिअर. प्रेक्षक नाहीत तर प्रत्येक सामन्याला तोटा. युनियन म्हणाली, असेल, पण वह्या दाखवा. बहुतेक संघ खासगी मालकीचे. तेव्हा अटलांटाचा संघ एका शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा होता, त्यामुळे त्याचे आकडे निदान बाहेर येत. बाकीच्यांचं सगळं झाकलेलं. सेंट लुइसच्या संघाचे मालक बिल डेविट रेडिओवर म्हणाले की खरं सांगायचं तर हा धंदा फारसा फायद्याचा नाही. हे ऐकून खेळाडू हसले असतील, दुसरं काय करणार? आणि बोलणी ऐन रंगात असताना बातमी आली, की लीगनं टीव्हीचा नवा करार केला आहे, शंभर कोटी डॉलरच्या घरातला.

२६ मे रोजी मालकांचा पहिला रीतसर आर्थिक प्रस्ताव आला. जेवढा पगार मोठा, तेवढी कात्री मोठी. वर्षाला साडेतीन कोटी डॉलर घेणाऱ्याला मिळणार होते सुमारे ७८ लाख. किमान पगाराच्या खेळाडूला, म्हणजे ५ लाख ६३ हजार ५०० वाल्याला, सुमारे २ लाख ६२ हजार. ८२ सामन्यांच्या प्रमाणात त्याचे होत होते २ लाख ८५ हजार. त्याला चिमटा, माइक ट्राऊटसारख्या बड्या पगारवाल्याला कुऱ्हाड. मला यात मालकांची चलाखी दिसते. खेळाडूंत चढे पगारवाले थोडे, खालचे खूप. खालच्यांना हळूच विचारायचं, काय रे, त्या श्रीमंतांसाठी तू तुझे दोन-अडीच लाख पाण्यात घालणार? युनियन फुटली नाही. वॉशिंग्टनचा गोलंदाज, म्हणजे पिचर, मॅक्स शेर्झर यानं जाहीरच लिहिलं, की पगारकपातीवर लीगशी आणखी बोलण्याचं कारण नाही.

इथून पुढे कागद-पेन्सिल घेऊन बसावं असा भाग आहे. ३१ मेला खेळाडू म्हणाले, ११४ सामने, पूर्ण प्रमाणात पगार. ८ जूनला मालक म्हणाले, ७६ सामने, पगार त्या प्रमाणाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, त्यातला खात्रीचा ५० टक्केच. बाकीचा बाद फेरी पार पडली तर. खेळाडू ८९ वर आले. १२ जूनला मालक म्हणाले, ७२ सामने, ७० टक्के खात्रीचे, बाद फेरी झाली तर ८०. आता गुणाकार करा. ७६ सामन्यांचे ७५ टक्के म्हणजे ५७ सामन्यांचा पगार. ७२ चे ८० टक्के म्हणजे साडेसत्तावन्न. खात्रीची रक्कम ३८ वरून ५० सामन्यांवर सरकली, हे खरं. पण वरचा आकडा जिथल्या तिथे. सामने कमीजास्त, टक्केवारी कमीजास्त, पाकीट तेच. मालकांनी रक्कम आधी ठरवली होती आणि दर आठवड्याला ती वेगळ्या कागदात गुंडाळून पाठवली जात होती. दरम्यान कॅलेंडरची पानं उलटत होती आणि जास्त सामन्यांना जागाच उरत नव्हती. ज्याला कमी सामने परवडतात त्यानं चालढकल करावी, हे उघड आहे.

खेळाडूंच्या बाजूनंही सगळं शहाणपणाचं नव्हतं. टँपा बेचा पिचर ब्लेक स्नेल, वर्षाचा पगार ७० लाख डॉलर. तो व्हिडिओ गेम खेळता खेळता थेट प्रक्षेपणात बोलून गेला, की माझे पैसे मला मिळाल्याशिवाय मी खेळणार नाही, मी जीव धोक्यात घालतोय. मुद्दा चुकीचा नव्हता. कपात आणि वर संसर्गाचा धोका, दोन्ही एकाच्याच माथी का? पण वेळ बघा. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चार कोटींहून जास्त अमेरिकनांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केले होते. घरी बसलेल्या माणसाला ७० लाखवाल्याचं रडगाणं कसं ऐकवेल? मालकांना तोंड उघडायची गरजच उरली नाही.

त्या गदारोळात जे खरोखर भरडले गेले, त्यांचं नाव फार थोड्यांनी घेतलं. मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवरचे खेळाडू. त्यांना आठवड्याला ४०० डॉलर भत्ता मिळत होता. ओकलंडच्या संघानं तोही मेअखेर बंद करतो म्हणून कळवलं, आणि लोकांनी झोडपल्यावर निर्णय फिरवला. लॉस एंजलिसच्या डॉजर्सचा पिचर डेव्हिड प्राइस यानं आपल्या संघाच्या मायनर लीगमधल्या प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या खिशातून हजार डॉलर दिले. मग ३० जूनला त्यांचा हंगामच रद्द झाला. ही मुलं तेव्हा युनियनमध्ये नव्हती. ती आली २०२२ साली. आपल्याकडे तर खेळत्या क्रिकेटपटूंची पगाराचा करार करणारी युनियनच नाही. २०१९ साली झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आहे, ती निवृत्त खेळाडूंची.

१० जूनला लीगचे प्रमुख, कमिशनर रॉब मॅनफ्रेड म्हणाले, हंगाम शंभर टक्के होणार. १३ जूनला युनियनचे तेव्हाचे प्रमुख टोनी क्लार्क म्हणाले, बोलणी पुरे, कधी आणि कुठे यायचं तेवढं सांगा. १५ जूनला मॅनफ्रेड म्हणाले, हंगाम होईल याची मला खात्री वाटत नाही. पाच दिवसांत! दुसऱ्या दिवशी ते विमानानं ॲरिझोनाला क्लार्कना भेटायला गेले. पूर्ण प्रमाणात पगार मान्य झाला, सामने ६०. खेळाडूंनी ७० मागितले. अंतर दहा सामन्यांचं. सगळ्या लीगचं वर्षाचं पगारबिल ढोबळमानानं ४०० कोटी डॉलर धरलं, तर दहा सामने म्हणजे २५ कोटी. तेवढ्यावर पुन्हा अडलं. २२ जूनला युनियनच्या कार्यकारिणीनं ३३ विरुद्ध ५ मतांनी प्रस्ताव फेटाळला, आणि कमिशनरनी आपल्या अधिकारात ६० सामने लावले. आता हे नाकारणं वेडेपणाचं वाटेल, सामने ६० ते ६०च राहिले ना? पण सही केली असती तर तक्रार करायचा हक्क गेला असता. तो त्यांनी राखला.

२३ जुलैला वॉशिंग्टनमध्ये पहिला सामना झाला, रिकाम्या स्टेडियममध्ये. मानाचा पहिला चेंडू अमेरिकन सरकारचे साथरोगतज्ज्ञ डॉक्टर अँथनी फाउची यांनी टाकला. तो कॅचरपासून इतका बाजूला गेला की कोणालाही संसर्ग होऊ नये अशी काळजी घेतल्यासारखा. त्याच्या आदल्या दिवशी डॉजर्सनी आपला खेळाडू मुकी बेट्स याच्याशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला होता. धंदा फारसा फायद्याचा नसतानाही.

ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बेकडून तोच ब्लेक स्नेल उतरला, पुढ्यात तेच डॉजर्स. ७३ चेंडू, ९ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडूफेकीवरच बाद, आणि त्याच्यावर फक्त दोन हिट. आणि पुढचा फलंदाज बेट्स असताना व्यवस्थापक केविन कॅश यांनी त्याला बाहेर काढलं. बेट्सनं नव्या पिचरला दुहेरी, म्हणजे थेट दुसऱ्या बेसवर पोचवणारा फटका हाणला, डॉजर्स ३-१ नं जिंकले. ६० सामन्यांच्या हिशेबानं स्नेलच्या हाती पगार पडला असेल २६ लाखांच्या आसपास. त्या दिवशी त्याच्या कामाबद्दल कोणी बोट दाखवू शकलं नाही.

राखलेली तक्रार युनियननं पुढे दाखल केली, मागणी ५० कोटी डॉलरची. मुद्दा असा, की लीगनं जास्तीत जास्त सामने खेळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला नाही. त्यावर निकाल लागलाच नाही. २ डिसेंबर २०२१ ला मालकांनी टाळेबंदी केली, म्हणजे खेळाडूंना कामाची दारं बंद केली, ती ९९ दिवस चालली, आणि १० मार्च २०२२ ला समझोता झाला तेव्हा देवाणघेवाणीत ती तक्रार मागे घेतली गेली. लवादापुढे सुनावणी झाली असती, तर मालकांना त्या वह्या काही अंशी तरी उघडाव्या लागल्या असत्या. २०२२ च्या त्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ ला संपते, आणि मालकांच्या गोटात पगारमर्यादेची भाषा पुन्हा सुरू झालेली आहे.

नमस्कार.