पलटण गेली, पेन्शनपुरा राहिला

[दृश्य : हिंगोली, सकाळची वेळ. रिक्षाच्या पुढच्या काचेतून दिसणारा रस्ता.]

हिंगोलीत रिक्षात बसून "तोफखाना" म्हणा. तोफ कुठं आहे, असं कुणी विचारत नाही, भाडं सांगतात. रिसाला, पलटण, सदर बाजार, पेन्शनपुरा ही सगळी इथल्या पत्त्यांमधली नावं. लग्नपत्रिकेवर छापतात, लाइट बिलावर येतात. आम्ही रिक्षावाल्या मामांना विचारलं, "मामा, रिसाल्यात घोडे कुठं बांधायचे?" मामांनी आरशातून एकदा पाहिलं. "घोडे कामून पाहिजेत सर? वरात हाये का?"

घोडे होते. सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत होते, आणि या गावाची चूल बरीचशी त्यांच्या जिवावर पेटायची.

[दृश्य : कयाधू नदीचं पात्र. पलीकडे रान.]

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट. १८५३ च्या तहात तिचा आकडा ठरला : पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. खर्च भागवायला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. या फौजेचे तळ औरंगाबादेत होते, मोमिनाबादेत होते, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, आणि इथं हिंगोलीत, वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर. वऱ्हाडातल्या कुणब्यानं शेतसारा भरायचा आणि त्या पैशातून हिंगोलीत पगार वाटायचा, असा तो फेरा.

पगार झाला की तो कुठं जायचा? बराचसा घोड्याच्या तोंडात.

हे जरा नीट समजून घ्यायला हवं. या फौजेतला स्वार शिलेदार असायचा. शब्द आपलाच आहे, मराठी फौजांपासूनचा. बारगिराला घोडा सरकारी मिळतो, शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. महिन्याला ठरलेली रक्कम हातात पडायची, तिच्यातच स्वतःचं पोट आणि घोड्याचंही. म्हणजे वैरण विकत घेणारं गिऱ्हाईक एकटं सरकार नव्हतं, एकेक स्वार होता. आता हिशेब मांडा. एका घोड्याला दिवसाला तीन किलो हरभरा धरला तर शंभर घोड्यांना रोज तीन क्विंटल. वर कडबा, वर हिरवं गवत. आसपासच्या गावांतून पहाटे गवताचे भारे डोक्यावर घेऊन निघालेल्या बायांची रांग डोळ्यांसमोर आणा. नाल मारायला नालबंद हवा. खोगीर शिवायला जिनगर. पाण्याला पखालवाला, कपड्यांना परीट, वर्दीला शिंपी, आणि पगाराच्या आधीच पैसे संपलेल्याला सावकार. सदर बाजार उभा राहतो तो असा. छावणीतल्या बाजारात निरख लावायचा अधिकारही लष्कराचाच. कोणत्या मालाला काय भाव, हे साहेब ठरवणार.

भरभराट खरी होती, पण तिची दोरी गावाच्या हातात नव्हती.

[दृश्य : दसरा मैदान. रावणाचा सांगाडा बांधणारे कारागीर.]

हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात नावाजलेला. खाकीबाबा मठाची परंपरा, रामलीला, रावणदहन, दिवसेंदिवस चालणारं प्रदर्शन. आपल्याकडं दसरा म्हणजे सीमोल्लंघन आणि आपट्याची पानं. एवढा मोठा रावण जाळायची हौस मुळात उत्तरेची. ती इथं इतकी कशी रुजली? छावणीतल्या उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा त्यात हात असावा, असं मला वाटतं. कागद दाखवा म्हणाल तर माझ्याकडं नाही.

[दृश्य : जुना नकाशा. बोट हैदराबादवरून वऱ्हाडाकडे सरकतं.]

१९०२ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन आणि निजाम यांच्यात करार झाला. वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमचा इंग्रजांकडे गेला. आता वेगळी कंटिन्जंट कशाला ठेवायची? १९०३ मध्ये तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या मुख्य लष्करात मिसळल्या. हिंगोलीची छावणी उठली, मोमिनाबादचीही उठली.

करार ते कूच, हातात जेमतेम काही महिने. गावाला कुणी विचारलं नाही आणि विचारायची रीतही नव्हती. हरभरा पेरून बसलेल्या शेतकऱ्याला करार काय माहीत? पूर्णेहून हिंगोलीला रेल्वे आली १९१२ मध्ये. फौज होती तेव्हा आली असती तर फौजेच्या कामी आली असती. ती आली नऊ वर्षांनी, आणि कापसाच्या कामी आली.

राहिलं काय? पेन्शनपुरा राहिला. नोकरीतून सुटलेल्या ज्या शिपायांनी इथं घर बांधलं होतं, लेकी दिल्या होत्या, दोन एकर घेतले होते, ते कुठं जाणार? त्यांची पेन्शन महिन्याच्या महिन्याला येत राहिली. छावणीनं दिलेला सगळ्यात टिकाऊ पैसा कदाचित हाच असेल.

[दृश्य : पडद्यावर जगाचा नकाशा. अमेरिकेचा पूर्व किनारा.]

आता थोडं लांबचं. अमेरिकेनं २००५ मध्ये आपल्या लष्करी तळांची फेरमांडणी ठरवली. अटलांटातला फोर्ट मॅकफर्सन बंद करायचा आणि तिथलं मोठं मुख्यालय नॉर्थ कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅगला न्यायचं. मुदत सप्टेंबर २०११. म्हणजे सहा वर्षं आधी कळलं. फोर्ट ब्रॅगच्या भोवतालचे जिल्हे एकत्र बसले. किती कुटुंबं येणार, त्यांची पोरं कितवीत, वर्गखोल्या पुरतील का, कोणता रस्ता तुंबेल, नवऱ्याची बदली झाली तर बायकोला काम कुठलं. हा हिशेब मांडायला त्यांना केंद्र सरकारकडून पैसे मिळाले. हिशेब मांडायला, लक्षात घ्या. बांधकामाचा पैसा वेगळा. सगळं सुरळीत झालं असेल असं नाही, पण प्रश्न माणसं यायच्या आधी विचारले गेले.

आपल्याकडं बातमी आली की आधी फ्लेक्स लागतो. मग प्लॉटिंग.

[दृश्य : औंढा नागनाथहून दुधाळ्याकडे जाणारा रस्ता. काळी जमीन, मधूनच मुरमाचा ढीग.]

फौज हिंगोलीत आता नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे, सकाळी मैदानावर कवायत दिसते. पण जिल्ह्यात येणारं मोठं बिऱ्हाड दुसरंच आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड टकरींतून निघून इथवर पोचणारे अतिसूक्ष्म हादरे टिपणारी, वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, खर्च २६०० कोटी. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर.

आणि गंमत बघा. छावणी म्हणजे टापा, बिगूल, तोफांचा सराव. या पाहुण्याला शांतता लागते. जवळून अवजड गाडी गेली तरी तिचा हादरा यंत्राला जाणवतो. गाव वाढायचं म्हणजे कारखाने, ट्रक, खडीक्रशर, हे आपलं ठरलेलं चित्र इथं चालणार नाही. तेव्हा गावानं वाढायचं कसं, हा प्रश्न शिलेदारांच्या हिंगोलीपेक्षा अवघड आहे. हे बोलायला ग्रामसभेसारखी दुसरी जागा नाही, पण तिथं गर्दी होते ती घरकुलाच्या यादीला.

तयारी म्हणजे काय, हे एका गोष्टीवरून सांगतो. त्या चार किलोमीटरच्या भुजा म्हणजे पोलादी नळ्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या. आत जवळजवळ पूर्ण निर्वात. जोडाला केसाएवढी फट राहिली तरी सगळं काम वाया. असं वेल्डिंग करणारा हात कुठून येणार? तालुक्याच्या आयटीआयमधून का येऊ नये? ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणाऱ्या पोराला आर्गन वेल्डिंग शिकायला दोन वर्षं फार झाली. पण शिकवायला मशीन हवं, गॅस हवा, शिकवणारा हवा, आणि ते काम निघायच्या आधी हवं. टेंडर निघाल्यावर बाहेरचा कंत्राटदार स्वतःचे वेल्डर घेऊन येतो. मग गावच्या पोराला मिळते ती गेटवरची वॉचमनकी.

दुसरी गोष्ट पाण्याची. मार्चनंतर जिथं हंडे रांगेत लागतात, तिथं शंभर नवी कुटुंबं आली तर टँकर कुणाच्या दारात आधी थांबेल?

[दृश्य : रस्त्याकडेची नवी खोली. पत्रे चकचकीत, दाराला कुलूप.]

रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्यानं दोन खोल्या बांधल्यात. संडास-बाथरूम आत, वर पाण्याची काळी टाकी. सोयाबीनचे पैसे आले ते यात घातले, म्हणतात. "साहेब लोक येतील, भाड्यानं राहतील." कधी येतील? "ते तुम्हीच सांगा की, तुम्ही शहरातून आलाव." आम्हाला सांगता आलं नाही. त्यांनी चहा केला, कॅमेऱ्यासाठी कुलूप काढलं. आत एका खोलीत सोयाबीनची पोती रचलेली होती. दुसरी रिकामी होती, तिच्या भिंतीवर खिळे ठोकून ठेवले होते. कपडे टांगायला.