आंब्याची ऑर्डर आणि मधला ड्रायव्हर

(दृश्य: देवगड, एप्रिल. मांगरात अढी, पेंढ्यात आंबे, बाजूला खुर्चीवर उघडा लॅपटॉप.)

सीझन जोरात आहे. हापूसच्या ऑर्डरी आता फोनवर कमी आणि साइटवर जास्त येतात, आणि ही साइट घरातल्याच पोराने बनवलीय, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, मागे नोंदी ठेवायला पोस्टग्रेस डेटाबेस. ठाण्यातून कोणीतरी दोन पेट्यांचं बटण दाबतं आणि नोंद डेटाबेसमध्ये जाते. आता पायथन आणि पोस्टग्रेस हे दोन वेगळे प्रोग्राम, एकमेकांशी थेट बोलणं काही होत नाही, मध्ये दुभाष्यासारखा लागतो ड्रायव्हर, तोही एक छोटा प्रोग्रामच. इथे त्याचं नाव सायकोपीजी, ओपन सोर्स, फुकट, आणि साइट चालू असताना त्याची आठवण कोणालाच येत नाही.

तो करतो काय? ५४३२ या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, डेटाबेसच्या सर्व्हरशी कनेक्शन जोडतो, पासवर्डची तपासणी पार पाडतो, क्वेरी म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा पाठवतो, आणि उत्तरात आलेल्या बाइट्सचं पायथनला कळेल असं काहीतरी करून देतो, तारखेची तारीख, पैशाच्या रकमेचा डेसिमल, म्हणजे पैशांचा हिशोब चुकायला नको.

(दृश्य: स्क्रीन. ग्राहकाचं नाव टाइप होतंय.)

हे बघा, वेंगुर्ल्याचं गिऱ्हाईक, आडनाव डिसोझा. इंग्रजीत लिहिताना डी नंतर वर एक अपॉस्ट्रॉफी येते. क्वेरीत नाव कुठे सुरू झालं, कुठे संपलं हेही त्याच चिन्हाने दाखवतात. नवशिक्या पोरांनी क्वेरीत नाव नुसतं जोडून टाकलं की डेटाबेसला वाटतं नाव डी वरच संपलं, पुढचं सोझा म्हणजे काय त्याला कळत नाही, सिंटॅक्स एरर, म्हणजे आज्ञाच चुकीची लिहिलीय! आणि कोणी मुद्दाम त्या जागी वाकडंतिकडं काही लिहिलं तर नोंदींचं अख्खं टेबल उडवू शकतो. म्हणून नाव क्वेरीत चिकटवायचंच नाही, वेगळं द्यायचं. जुना सायकोपीजी २ ते नाव नीट एस्केप करून, म्हणजे असली चिन्हं निरुपद्रवी करून, क्वेरीत बसवतो, २०२१ साली आलेला सायकोपीजी ३ तर क्वेरी आणि नाव सर्व्हरकडे वेगवेगळंच पाठवतो.

पूर्वी दर डेटाबेसची तऱ्हा वेगळी, डेटाबेस बदलला की कोड नव्याने लिहा. मग सगळ्या डेटाबेसशी एकाच तऱ्हेने बोलता यावं म्हणून १९९२ला मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आलं, १९९७ला जावा या भाषेबरोबर जेडीबीसी, आणि १९९९ला पायथनवाल्यांनी पेप २४९ नावाचा करार लिहिला, कनेक्ट, कर्सर, एक्झिक्यूट, कमिट, सगळ्या ड्रायव्हरांत तेच शब्द. पण क्वेरीत नावाची जागा कशी दाखवायची याला मात्र पाच पद्धती चालतील असं ठरवलं, म्हणून एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसच्या ड्रायव्हरला प्रश्नचिन्ह आणि सायकोपीजीला टक्का-एस (%s). एवढं एक ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं राव!

कमिटचंही एक आहे, कमिट म्हणजे नोंद पक्की करायचं सांगणं. ते लिहायचं राहिलं तर एरर वगैरे काही येत नाही, ऑर्डर गेली असं वाटतं, आणि कनेक्शन बंद झालं की नोंद गायब. लोक डेटाबेसला शिव्या घालतात, पण करारातच लिहिलंय की आपोआप कमिट सुरुवातीला बंद.

(दृश्य: रात्र. पेट्या भरून टेम्पो निघतोय.)

खरी भानगड होते ती सर्व्हर अपग्रेड झाला की. २०२१च्या पोस्टग्रेस १४ पासून नव्या सर्व्हरवर पासवर्ड साठवायची डीफॉल्ट पद्धत बदलली, एमडी५ ही जुनी पद्धत जाऊन स्क्रॅम ही नवी आली, आणि ज्यांच्याकडे जुने ड्रायव्हर होते त्यांच्या स्क्रीनवर आलं, ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही, म्हणजे पासवर्ड तपासायची ही नवी पद्धत ड्रायव्हरला येतच नाही. पासवर्ड बरोबर, नेट चालू, माणूस बसलाय तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्येही २०१८च्या ८.० व्हर्जनने असंच केलं होतं, नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या, जुन्या ड्रायव्हरवाल्यांची चांगलीच धावपळ झाली. स्क्रॅमचं काम ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी कधीच करून ठेवलेलं, फक्त आपल्याकडचं व्हर्जन वाढवायचं होतं. देवगडच्या या पोराने ठरवलंय, व्हर्जनला हात लावायचा तो पाऊस पडल्यावरच, मेमध्ये नाही.