थकलेलं हृदय आणि त्याचे गप्प झालेले रिसेप्टर

स्क्रीनवर जे दिसतंय ते ट्रान्सप्लांटच्या ऑपरेशनमध्ये पेशंटच्या छातीतून काढलेलं हृदय आहे. नीट बघा, डावा कप्पा किती फुगलाय, भिंत कशी ताणून सैल पडलीये. नवीन हृदय बसलं, ते धडधडायला लागलं की थिएटरमधल्या सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, जायलाच हवं, पण आजची आपली गोष्ट या काढून ठेवलेल्या हृदयाची आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत नॉर्मन शमवे या सर्जननी जानेवारी १९६८ मध्ये ट्रान्सप्लांट सुरू केले. त्या काळात शरीर नवीन हृदय नाकारायचं, पेशंट दगावायचे, त्यामुळे बहुतेक हॉस्पिटल्सनी हे ऑपरेशन सोडून दिलं, पण शमवेंची टीम चिकाटीने करतच राहिली. त्यामुळे झालं काय की जगात जे जवळपास कुठेच मिळत नव्हतं ते स्टॅनफर्डमध्ये मिळायला लागलं, म्हणजे माणसाच्या फेल झालेल्या, म्हणजे पुरेसं रक्त ढकलू न शकणाऱ्या, हृदयाचं ताजं, जिवंत स्नायू असलेलं सॅम्पल. आणि तिथेच मायकल ब्रिस्टो नावाचे कार्डिओलॉजिस्ट एका प्रश्नामागे लागले होते, की हे हृदय ॲड्रेनलिनला दाद का देत नाही?

आता थोडं आत जाऊ, कारण हे कळल्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. आपण पळालो, घाबरलो, चिडलो की हृदयाजवळच्या मज्जातंतूंमधून नॉरॲड्रेनलिन, म्हणजे ॲड्रेनलिनचंच भावंड, सुटतं. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात बीटा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारे प्रोटीन, बसलेले असतात, प्रत्येक म्हणजे आवरणातून सात वेळा आत-बाहेर गेलेला एक प्रोटीनचा धागा. नॉरॲड्रेनलिन येऊन त्याला चिकटलं की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो, आतल्या बाजूचं जी प्रोटीन जागं होतं, ते पुढच्या एन्झाइमला जागं करतं, सायक्लिक एएमपी नावाचा रेणू तयार होतो, आणि शेवटी पेशीत कॅल्शियम जास्त यायला लागतं आणि ठोका जोरात पडतो. हे सगळं आपल्याला "छातीत धडधडलं" एवढंच जाणवतं.

ब्रिस्टोंनी काय केलं? काढलेल्या हृदयातून स्नायूची बारीक पट्टी घ्यायची, कोमट, ऑक्सिजन सोडलेल्या क्षाराच्या पाण्यात ती टांगायची, विजेचे हलके झटके देऊन आकुंचन पावायला लावायची आणि ती किती जोराने ओढते ते मोजायचं. मग त्या पाण्यात आयसोप्रोटेरेनॉल, म्हणजे थेट बीटा रिसेप्टरवर जाऊन बसणारं औषध, थेंबाथेंबाने वाढवत न्यायचं. चांगल्या हृदयाची पट्टी प्रत्येक डोसला जास्त जोर लावत जाते. फेल झालेल्या हृदयाची पट्टी थोडी वर जाते आणि तिथेच थांबते.

१९८२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे आकडे छापून आले. फेल झालेल्या हृदयात बीटा रिसेप्टर ५० ते ५६ टक्के कमी, आणि आयसोप्रोटेरेनॉलने येणारा जोर ५४ ते ७३ टक्के कमी. पण मला या पेपरमधली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. त्याच पट्टीला कॅल्शियम दिलं तर ती चांगल्या हृदयासारखीच ओढत होती, वेगळ्याच रिसेप्टरमधून काम करणारं हिस्टामिन दिलं तरीही तसंच. म्हणजे स्नायूत अजून ताकद शिल्लक होती. फक्त हा एक दरवाजा अर्धा बंद झाला होता.

पण तो बंद का झाला असेल?

कोणी दिवसरात्र कानाशी ओरडत राहिलं तर माणूस शेवटी कानात बोटं घालतो, तसंच काहीसं. हार्ट फेल्युअरमध्ये रक्त कमी पोचतंय असं शरीराला वाटतं, म्हणून ते मज्जातंतूंमधून नॉरॲड्रेनलिन सोडतच राहतं, महिनोन् महिने. १९८४ मध्ये अमेरिकन कार्डिओलॉजिस्ट जे कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तात नॉरॲड्रेनलिन जास्त ते पेशंट लवकर जातात. पेशी मग स्वतःला वाचवायला लागते. जीआरके२ नावाचं एन्झाइम येऊन रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं, त्यावर बीटा ॲरेस्टिन येऊन बसतं, सिग्नल तुटतो आणि बरेचसे रिसेप्टर आत ओढून घेतले जातात. ही यंत्रणा उलगडली ती मुख्यतः ड्यूक युनिव्हर्सिटीत, रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्या लॅबमध्ये. ते स्वतः कार्डिओलॉजिस्ट, आणि याच रिसेप्टर कुटुंबावरच्या कामासाठी २०१२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना आणि ब्रायन कोबिल्का यांना मिळालं.

आता इथे दोन रस्ते फुटतात आणि सगळा वाद इथेच आहे. हृदय सिग्नल ऐकत नाही ना, मग सिग्नल अजून मोठा करा, असा एक विचार. हा विचार वेडेपणाचा अजिबात नव्हता, अतिदक्षता विभागात हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाची ड्रिप लावली की पेशंटचा चेहरा काही तासांत बदलायचा, हे डॉक्टर रोज बघत होते. म्हणून मग तोच परिणाम गोळीतून द्यायचा प्रयत्न झाला. मिलरिनोन हे औषध रिसेप्टरला बाजूला ठेवून आतलं सायक्लिक एएमपी वाढवतं, कारण ते त्याचा नाश करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. प्रॉमिस नावाच्या ट्रायलमध्ये १०८८ पेशंट होते, १९९१ मध्ये निकाल आला, आणि गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी वाढलेले निघाले. ताकद वाढवणारं औषध आयुष्य कमी करत होतं.

दुसरा रस्ता स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये आधीच धरला गेला होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. फिन वागस्टीन, ओके यालमारसन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये फक्त सात पेशंटचा अनुभव छापला. हृदय कमजोर, ठोके जलद, आणि यांनी दिलं काय तर बीटा ब्लॉकर, म्हणजे आहे तो सिग्नलही अडवणारं औषध! त्या वेळच्या पुस्तकांनुसार हार्ट फेल्युअरमध्ये हे औषध द्यायचंच नाही असा नियम होता. पण काही महिन्यांत पेशंट सुधारले. सातच पेशंट, तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे शंका घेणाऱ्यांना दोष देता येत नाही, पण ब्रिस्टोंचे आकडे आल्यावर या सात पेशंटकडे बघायची नजर बदलली. हृदय स्वतःच रिसेप्टर कमी करून वाचायची धडपड करतंय, आणि औषध त्याच्याच बाजूने उभं राहतंय, असा अर्थ लागायला लागला.

मग बीटा ब्लॉकरच्या मोठ्या ट्रायल्स झाल्या. १९९६ मध्ये अमेरिकेतली कार्व्हेडिलॉलची, १९९९ मध्ये बिसोप्रोलॉलची सिबिस-२ आणि मेटोप्रोलॉलची मेरिट-एचएफ, या शेवटच्या दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी, आणि दोन्ही ट्रायल्स ठरल्याआधीच थांबवल्या कारण फायदा इतका स्पष्ट दिसत होता. सुरुवात मात्र अगदी हळू करावी लागते, कार्व्हेडिलॉल तर ३.१२५ मिलिग्रॅमपासून, साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवत. पहिल्या काही आठवड्यांत थकवा वाढू शकतो, सूज येऊ शकते, आणि इथेच खूप लोक घाबरून गोळी बंद करतात. असं स्वतःच्या मनाने अचानक बंद करणं धोक्याचं आहे, डॉक्टरांशी बोला, डोस कमीजास्त करता येतो.

उंदरांमधला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. १९९९ मध्ये जर्मनीत मार्टिन लोहसे यांच्या गटाने असे उंदीर तयार केले ज्यांच्या हृदयात बीटा-१ रिसेप्टर, म्हणजे बीटा रिसेप्टरचा हृदयातला मुख्य प्रकार, मुद्दाम जास्त होते. तरुणपणी हृदय जोरात चाललं, नंतर स्नायू जाड झाला आणि शेवटी हार्ट फेल्युअर. ड्यूकमध्ये वॉल्टर कॉक आणि सहकाऱ्यांनी उलट बाजूने जाऊन जीआरके२ लाच अडवणारा प्रोटीनचा तुकडा उंदरांच्या हृदयात तयार करवला, तर ताकद वाढली, आणि पुढे आजारी उंदरांची हृदयंही सावरली. मग रिसेप्टर मोकळे करणं चांगलं की वाईट? मला वाटतं रिसेप्टर नुसते मोजून हे कळणार नाही, कुठला रिसेप्टर, आत कुठली वाट धरतो आणि किती काळ, हे बघावं लागतं.

आणि आता परत ऑपरेशन थिएटरमध्ये, कारण तिथे हाच प्रश्न काही मिनिटांत सोडवायचा असतो. हृदय-फुफ्फुसाचं काम तात्पुरतं सांभाळणाऱ्या बायपास मशीनवर हृदय थांबवलेलं असताना शरीर प्रचंड ताणात असतं, ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन उसळतं, आणि रिसेप्टरची सिग्नल यंत्रणा काही तासांतच मंदावते. महिन्यांची गोष्ट इथे एका दुपारी घडते. ड्यूकमध्येच डेब्रा श्विन या भूलतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बारकाईने काम केलंय. मशीनवरून उतरवताना हृदय उठत नसेल तर भूलतज्ज्ञ ड्रिप लावतात आणि तिथे बऱ्याचदा तेच मिलरिनोन कामी येतं, कारण त्याला रिसेप्टरच्या दरवाजातून जावंच लागत नाही. गोळी म्हणून महिनोन् महिने घेतल्यावर घातक ठरलेलं औषध थोड्या वेळासाठी, मॉनिटरवर डोळे ठेवून दिलं तर पेशंटला त्या मशीनच्या पंपावरून सोडवतं.

पंपाचं सांगायचं तर अजून एक ऑपरेशन आहे, एलव्हीएडी. डाव्या कप्प्याच्या टोकाशी एक पंप बसवतात, तो रक्त ओढून सरळ महाधमनीत ढकलतो, आणि हृदयावरचा भार उतरतो. नंतर ट्रान्सप्लांट झाला की ते विश्रांती मिळालेलं हृदय पुन्हा लॅबमध्ये जातं. २००१ मध्ये क्लीव्हलंडच्या गटाने अशीच स्नायूची पट्टी तपासली आणि दिसलं की रिसेप्टर परत वाढलेत, आयसोप्रोटेरेनॉलला जोरही परत आलाय. ब्रिस्टोंनी अर्धा बंद पाहिलेला दरवाजा उघडला होता, आणि तोही माणसाच्या हृदयात.

मग पुढचा प्रश्न येतोच, की पंप काढला तर? इंग्लंडमधल्या हेअरफील्ड हॉस्पिटलमध्ये मॅग्दी याकूब, एमा बर्क्स आणि त्यांच्या टीमने हे करून बघितलं. पंप बसवलेल्या १५ पेशंटना आधी कार्व्हेडिलॉल आणि इतर औषधं पूर्ण डोसमध्ये, मग बीटा-१ अडवणारं बिसोप्रोलॉल चालू ठेवून बीटा-२ ला जागं करणारं क्लेनब्युटेरॉल. एक दरवाजा बंद, शेजारचा उघडा. २००६ मध्ये छापलेल्या निकालात ११ जणांचा पंप काढता आला. त्यातला एक पेशंट २४ तासांत ठोक्यांच्या बिघाडाने गेला, हेही त्याच पेपरमध्ये लिहिलंय आणि ते विसरून चालणार नाही.

२०२० मध्ये बर्क्स यांनीच अमेरिकेतल्या सहा केंद्रांमध्ये ४० पेशंटवर पुन्हा असाच प्रयत्न छापला, या वेळी क्लेनब्युटेरॉल नव्हतं, फक्त पंप आणि नेहमीची हार्ट फेल्युअरची औषधं जोरदार डोसमध्ये. ४० टक्के पेशंट पंप काढल्यावर वर्षभराने पंपाशिवाय, ट्रान्सप्लांटशिवाय जगत होते. हे पेशंट निवडून घेतलेले होते, तुलनेने तरुण, आजार फार जुना नसलेले, त्यामुळे प्रत्येकाला हे लागू होईल असं समजू नका. पंप बसवतानाच सर्जन डाव्या कप्प्याच्या टोकाचा स्नायूचा एक छोटा गोल तुकडा काढतात, पंपाची नळी बसवायला तेवढं भोक पाडावंच लागतं, आणि कुठलं हृदय सावरेल हे त्या तुकड्यातून आधीच ओळखता येईल का, यावर आता काम चालू आहे.